मीठ, खजूर आणि देवमासे

मेक्सिकोच्या एक नंबर महामार्गावर पुढचा ट्रक डावा दिवा लुकलुकवू लागला की त्याचे दोन अर्थ निघतात. ‘समोर रस्ता मोकळा आहे, जा पुढं’ हा एक. ‘मी डावीकडं वळतोय, मागंच थांब’ हा दुसरा. यातला खरा कुठला, ते मागच्यानं ओळखायचं. तिथं वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, त्यामुळं ओळखण्यात गफलत झाली की गाडी थेट ट्रकच्या कुशीत. आमच्या घरगाड्यांच्या तांड्यातली अमेरिकन आणि कॅनेडियन मंडळी या एका दिव्यानं हैराण झाली होती. आमचे हे मात्र खुशीत. अर्धी नोकरी मुंबई-गोवा रस्त्यावर काढलेल्या माणसाला यात नवीन काय? “दिवा काय बघतोस,” धाकट्या भावाला ते सांगत होते, “ट्रकवाला कडेला किती दबतोय ते बघ.”

गाडी भावोजींची. ते सॅन दिएगोला असतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनं मोटरहोम घेतलं. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, आणि शहाण्यानं आत जाताना पोट आत घ्यावं एवढं न्हाणीघर. हिवाळ्यात आम्ही त्यांच्याकडं होतो तेव्हा त्यांनी विचारलं, “वहिनी, देवमाशाच्या अंगाला हात लावायचाय का?” मी समुद्राकाठची. माझं माहेर उरणचं. देवमासा म्हटलं की मला वाळूवर लागलेलं धूड आणि त्याच्याभोवती जमलेली माणसंच आठवतात. जिवंत देवमाशाला हात लावता येतो, हे मला खरं वाटेना. अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, एवढं कळल्यावर मात्र नाही म्हणायला कारण उरलं नाही.

कॅलिफोर्नियाच्या खाली मेक्सिकोची एक लांब, कृश जमीन समुद्रात उतरते, ते बाहा कॅलिफोर्निया. पश्चिमेला पॅसिफिक, पूर्वेला कॅलिफोर्नियाचं आखात, मध्ये डोंगर आणि वाळवंट. वरपासून खालपर्यंत जाणारा सलग डांबरी रस्ता झाला तो १९७३ साली. तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंत हे १७११ किलोमीटर. बराचसा रस्ता दुपदरी, कडेला उतरायला जागा नाही, आणि समोरून ट्रक आला की दोघांचे आरसे एकमेकांना घासणार नाहीत ना, म्हणून गाडीतले सगळे श्वास धरतात.

म्हणून लोक तांड्यानं जातात. आठ-दहा घरगाड्या एकामागे एक. पुढं तांड्याचा म्होरक्या, तो प्रत्येक खड्डा आणि गतिरोधक वॉकीटॉकीवर ओरडून मागं कळवतो. सगळ्यात शेवटी दुरुस्तीच्या अवजारांची पेटी बाळगणारा गडी. वाटेत कुणाची गाडी बसली तर तो थांबतो, बाकीचे पुढं जातात. दोन गाड्यांत एक ट्रक शिरेल एवढं अंतर ठेवायचं. अंधार पडल्यावर चालवायचं नाही, कारण कुंपणं नाहीत आणि गुरं रात्री उबेला डांबरावर येऊन बसतात. रोज संध्याकाळी घडीच्या खुर्च्या मांडून बैठक, उद्याचा रस्ता, पेट्रोल कुठं, लष्कराची तपासणी कुठं, विम्याचे कागद हाताशी ठेवा. अमेरिकेतला गाडीचा विमा मेक्सिकोत चालत नाही, तिथला वेगळा काढावा लागतो, हे म्होरक्यानं इतक्यांदा सांगितलं की जाऊबाई झोपेतही ते म्हणत असाव्यात.

तांड्याची सोय मान्य करून एक गोष्ट सांगते. असा तांडा देशातून जातो, पण देशाला फारसा शिवत नाही. प्रत्येकाचा फ्रिज सॅन दिएगोच्या घाऊक दुकानातून शिगोशीग भरलेला. पाणी टाकीत, वीज बॅटरीत, रात्रीची करमणूक टॅबलेटवर. आमच्या गाडीतही पोहे, मेतकूट, लसणाची चटणी होतीच, तेव्हा मी काही वेगळी नव्हे. पण गावात थांबायचं कशासाठी, तर सांडपाणी रिकामं करायला आणि टायर दाखवायला, असं होऊ लागलं की मला कोंडल्यासारखं वाटायचं. मग मी आणि जाऊबाई दोघी पिशवी घेऊन उतरायचो. तोर्तिया, म्हणजे तिथल्या पोळ्या, घ्यायच्या म्हणून निघायचं आणि मोडक्या स्पॅनिशमध्ये तासभर गावात काढायचा. पंक्चर काढणाऱ्याच्या टपरीला तिथं ‘यान्तेरा’ म्हणतात. जुना टायर उभा रोवून त्यावर चुन्यानं अक्षरं काढली की झाली पाटी. पंधरा-वीस घरांच्या वस्तीतही यान्तेरा असतेच, आणि गावाच्या सगळ्या बातम्या तिथंच कळतात.

पहिलं मोठं थांबणं सान किन्तीनच्या खोऱ्यात झालं. तिथं समुद्राच्या अंगाला मैलोन्‌मैल पांढऱ्या जाळ्या पसरलेल्या. आत टोमॅटो आणि स्ट्रॉबेरी. माल सीमेपलीकडं अमेरिकेत जातो. सॅन दिएगोत जाऊबाईंच्या फ्रिजमध्ये जो डबा असतो त्यावर नीट पाहिलं तर ‘मेक्सिको’ लिहिलेलं असतं. तोडणी करणारे बहुतेक ओआहाकासारख्या दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेले आदिवासी. त्यातल्या पुष्कळांची घरची भाषा स्पॅनिश नाही, मिश्तेक किंवा त्रिकी आहे. २०१५ च्या मार्चमध्ये मजुरी आणि वागणूक यांवरून हजारोंनी तोडणी थांबवली, महामार्ग अडवला. ऐन हंगामातला संप, त्यामुळं त्याची बातमी झाली. आमच्या तांड्याच्या छापील माहितीपत्रकात त्या गावापुढं फक्त ‘ताज्या भाज्या, मोठा पेट्रोलपंप’ असं होतं. रस्त्यालगत एक बाई डोक्याला आणि तोंडाला रुमाल गुंडाळून, नुसते डोळे उघडे ठेवून बसची वाट बघत उभी होती. औषधाच्या फवाऱ्यापासून आणि उन्हापासून वाचायला तोडणीवाल्या बायका असंच बांधतात. मी हात केला. तिनंही केला. बस आली, ती गेली.

एल रोसारिओनंतर वाळवंट सुरू होतं आणि पुढं जवळजवळ साडेतीनशे किलोमीटर भरवशाचा पेट्रोलपंप नाही. काताविन्याला रस्त्याच्या कडेला पिंपं ठेवून, नरसाळं आणि रबरी नळीनं पेट्रोल विकणारे लोक बसतात. भावाची घासाघीस नाही. गरज तुमची. आजूबाजूला हत्तीएवढाले गोल धोंडे आणि त्यांच्यातून वर गेलेली सिरिओची झाडं. हे झाड जगात जवळपास याच भागात उगवतं. सरळसोट खोड, अंगभर आखूड काड्या, आणि टोक कधी कधी वाकून पुन्हा जमिनीकडं आलेलं. बाजूला कार्दोन नावाचे दोन-तीन पुरुष उंचीचे निवडुंग. आपल्याकडं शेताच्या बांधावर जो फड्या निवडुंग असतो, तोही मूळचा याच खंडातला. इथं त्याची कोवळी पानं काटे तासून भाजीला घेतात. मी एकदा केली. चिकट होते, पण चिंच घातली तर खपते.

अठ्ठाविसाव्या अक्षांशावर राज्य बदलतं. उत्तरेचं बाहा कॅलिफोर्निया संपून बाहा कॅलिफोर्निया सूर सुरू होतं, हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढं सरकतं, आणि फळं तपासणारा माणूस गाडीत चढतो. दक्षिणेतल्या बागांना कीड लागू नये म्हणून फळं, विशेषतः लिंबूवर्गातली, पुढं नेऊ देत नाहीत. चाकांवरही औषध फवारतात, आणि त्याचे थोडे पैसे आपल्याकडूनच घेतात. माझी लिंबं गेली. लोणचं मात्र त्यानं बरणी उचलून, वास घेऊन, डोळ्यांत पाणी आणून परत दिलं.

तपासणीच्या पलीकडंच गेरेरो नेग्रो. गावाला नाव मिळालं ते एका जहाजावरून. ‘ब्लॅक वॉरियर’ नावाचं देवमासे मारणारं अमेरिकन जहाज १८५८ साली इथं बुडालं, त्याचंच स्पॅनिश भाषांतर गावाला चिकटलं. त्याच्या जरा आधी चार्ल्स स्कॅमन नावाचा कप्तान जवळच्या ओहो दे लिएब्रे या खाडीचं तोंड शोधून आत शिरला होता. करड्या देवमाशांच्या माद्या हिवाळ्यात पिल्लं घालायला या उथळ, शांत खाड्यांत येतात, हे त्याला कळलं. मग दरवर्षी जहाजं यायला लागली. त्यांची रीत अशी, की आधी पिल्लू जखमी करायचं; आई सोडून जात नाही, जवळ येते. पिसाळलेल्या आया होड्या फोडायच्या. म्हणून खलाशांनी त्यांना सैतान म्हणायला सुरुवात केली. पिल्लू वाचवणाऱ्या आईला हे नाव! काही वर्षांत खाड्या इतक्या रिकाम्या झाल्या की जहाजांना येणं परवडेना. स्कॅमननं पुढं पॅसिफिकच्या सागरी सस्तन प्राण्यांवर १८७४ साली एक जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि तो आजही अभ्यासक उघडतात. खाडीला अमेरिकन लोक अजून त्याच्याच नावानं ओळखतात.

देवमासे मारणाऱ्या जहाजाचं नाव घेतलेलं हे गाव मिठावर जगतं. १९५४ साली इथं मिठाची कंपनी निघाली. पुढं मेक्सिकोचं सरकार आणि जपानची मित्सुबिशी कितीतरी वर्षं तिचे भागीदार होते. जगातल्या सगळ्यात मोठ्या मिठागरांत हे मोडतं. आम्हांला बसनं दाखवायला नेलं. बाकीचे खिडकीतून फोटो काढत होते, मी खाली उतरून बांधावर उभी राहिले.

उरणला माझ्या आजोळची मिठागरं होती. खाजणात भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत आटवत न्यायचं, आणि शेवटच्या वाफ्यात फरशीसारखी चोपलेली माती. पाय घासून जमीन तयार करणारी माणसं, लाकडी फावड्यानं ओढलेलं मीठ, बांधावर शंकूसारख्या राशी. गेरेरो नेग्रोला नेमकं तेच चाललेलं. खाडीचं पाणी उपसून हजारो हेक्टरांच्या तळ्यांतून फिरवायचं, ऊन आणि वारा यांना काम करू द्यायचं. फक्त माणसाच्या जागी यंत्र. दुमजली घराएवढे ट्रक मिठाच्या पांढऱ्या जमिनीवरून धावतात. मग बार्जवर लादून मीठ सेद्रोस बेटावर जातं आणि तिथून मोठ्या जहाजांनी बाहेर; वर्षाला सत्तर-ऐंशी लाख टन. घट्ट झालेल्या पाण्याच्या तळ्यांना गुलाबी रंग चढलेला. तो रंग मला ओळखीचा होता. वासही. आमचं आजोळचं मिठागर बंदर आणि वसाहतींच्या भरावाखाली गेलं, तेव्हा मी कॉलेजात होते.

हे सांगायचं कारण पुढं येतं. देवमाशांची जी दुसरी मोठी खाडी आहे, सान इग्नासिओ, तिथंही याच कंपनीला नवीन मिठागर घालायचं होतं. ओहो दे लिएब्रे भागाला १९७२ सालीच मेक्सिकोनं देवमाशांचं अभयारण्य केलं होतं, १९८८ साली सगळा एल विस्काइनो भाग राखीव झाला, १९९३ साली युनेस्कोनं या खाड्या जागतिक वारशात घेतल्या. तरीही १९९५ च्या सुमारास योजना पुढं आली. कवी ओमेरो आरिद्हिस आणि त्यांच्याबरोबरच्या लेखक-कलावंतांच्या गटानं ओरड केली, अमेरिकेतल्या पर्यावरणसंस्था उतरल्या, मित्सुबिशीकडं पत्रांचे ढीग गेले. मार्च २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेदिओ यांनी योजना रद्द केली. ही गोष्ट सहसा जशी सांगतात, त्यात एवढंच असतं. पण कारखाना आला तर नोकऱ्या येतील म्हणून तो हवा असणारे गावकरीही होतेच, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही. बंदर आलं तेव्हा आमच्याकडंही घरटी एक नोकरी मिळेल म्हणून डोळे लावून बसलेले लोक होते. जमिनीच्या भावासाठी १९८४ साली जासई-नवघरला गोळ्या खाल्लेले आमचेच. किनाऱ्यावरच्या माणसाला ‘निसर्ग वाचव’ म्हणणं सोपं, त्याची चूल कशावर पेटायची ते सांगणं अवघड. सान इग्नासिओला मला तेच बघायचं होतं.

वाळवंटातून तासन्‌तास जाऊन रस्ता एकदम खजुरीच्या गर्दीत उतरतो, ते सान इग्नासिओ गाव. खालून झरा येतो, त्यावर सगळं. खजूर इथली नव्हे. जेझुइट पाद्र्यांनी आणलेली. १७२८ साली त्यांनी इथं मिशन काढलं. पुढं स्पेनच्या राजानं जेझुइटांनाच हाकललं, आणि आज उभं असलेलं काळ्या ज्वालामुखी दगडाचं देऊळ डॉमिनिकन पाद्र्यांनी १७८६ साली पुरं केलं. मीटरभर जाडीच्या भिंती. ज्या कोचिमी लोकांना ख्रिस्ती करायला हा खटाटोप, ते तोवर देवी-गोवरासारख्या साथींनी बरेचसे मरून गेले होते. त्यांची भाषाही आता कुणी बोलत नाही. मागच्या डोंगरांत त्यांच्याही आधीच्या लोकांनी काढलेली प्रचंड चित्रं आहेत, हात वर केलेली माणसं, हरणं, मासे. खेचरावर बसून काही दिवस काढावे लागतात, तेव्हा ती आम्ही देवळाशेजारच्या छोट्या संग्रहालयातच पाहिली. चौकात मोठाली सावली धरून उभी असलेली झाडं बघून हे म्हणाले, “अगं, हा तर आपला नांदरुख!” तिथं त्याला भारतीय लॉरेल म्हणतात. त्याच्याखाली बसून एका म्हातारबाबांकडून खजुराचा पाव घेतला आणि उरलेली दुपार तिथंच काढली. तांड्यातल्या दोघातिघांनी गाडीत बसून एसी लावला होता.

खाडी गावापासून साठेक किलोमीटर. घरगाड्या गावात ठेवून व्हॅननं जायचं, कारण शेवटचा कच्चा रस्ता हाडं खिळखिळी करतो. काठावर प्लायवूडच्या खोल्या, सौर पट्ट्या, एक भटारखाना. नारिंगी जाकीट चढवून पांगात बसायचं. पांगा म्हणजे फायबरची लांबट मासेमारीची होडी, मागं एक इंजिन.

करड्या देवमाशांचं वर्ष असं असतं. उन्हाळा अलास्काच्या पलीकडं, बेरिंग आणि चुकची समुद्रांत. तिथं तळाच्या चिखलातले कोलंबीच्या जातकुळीतले बारीक जीव गाळून खायचे आणि चरबी चढवायची. मग हिवाळ्याला इकडं; जाऊन-येऊन सोळा ते वीस हजार किलोमीटर. या खाड्यांत माद्या जवळजवळ काही खात नाहीत. पिल्लू जन्मतःच साडेचार मीटरचं, दूध निम्म्याहून जास्त चरबीचं. म्हणजे आईनं अंगावर आणलेली शिदोरी पिल्लात उतरते आणि ती स्वतः उपाशीपोटी परत उत्तरेला जाते. नर आणि एकट्या माद्या आधी निघतात. पिल्लंवाल्या सगळ्यात शेवटी, एप्रिलच्या सुमारास.

आमचा पांगेरो पन्नाशीचा, फार न बोलणारा. त्यानं इंजिन बंद केलं नाही, मंद ठेवलं. आवाज असला की देवमाशाला होडी कुठं आहे ते कळतं, दचकत नाही, म्हणाला. तो त्यांच्या मागं गेला नाही. थांबला. बराच वेळ नुसते फवारे दिसत राहिले, लांब, कधी डावीकडं, कधी पाठीमागं. होडीतली एक बाई घड्याळ बघायला लागली. फेरी दीड तासाची असते. मग पाण्याखालून एक फिकट भलंमोठं काहीतरी सरकत आलं आणि होडीखाली गेलं. ते संपेचना. आधी डोकं, मग अंग, मग आणखी अंग, होडीच्या दुपटीहून लांब. पलीकडून पिल्लू वर आलं आणि त्यानं होडीच्या कडेला हनुवटी टेकवली.

पिल्लाची कातडी गुळगुळीत होती, थंड, दाबली तर किंचित आत जाणारी. तोंडावर विखुरलेले राठ केस. आईच्या अंगावर मात्र शिंपल्यांसारखे कवचाचे जीव चिकटून खडबडीत झालेले, मध्ये मध्ये नारिंगी उवांचे पट्टे. तिनं श्वास सोडला तेव्हा सगळे भिजलो, आणि तो वास कुबट होता, कोबी फार शिजल्यावर येतो तसा. पिल्लू एका बाजूला कलंडलं. डोळा दिसला. तांड्यातले एक आजोबा रडायला लागले. हे गप्प होते, आणि हे गप्प असणं दुर्मीळच. मी पिल्लाच्या कपाळावरून हात फिरवला, दोनदा, आणि तोंडातून निघालं, “ये गं बाळा.” जाऊबाई अजून त्यावरून चिडवतात.

परतीच्या व्हॅनमध्ये एकजण म्हणाला, त्यांनी आपल्याला माफ केलंय. हे वाक्य तिथं सगळीकडं ऐकू येतं, पत्रकांवरही असतं. मला ते पटत नाही. इतक्या गोड शब्दांत आपली सोय फार आहे. खाड्यांतली ती कत्तल एकोणिसाव्या शतकातली. आज पोहणाऱ्या कुठल्याही मादीनं ती पाहिलेली नाही. माफ करायला आधी तक्रार असावी लागते. त्या पिल्लाला होडी म्हणजे पाण्यावरचं एक कुतूहल होतं, बस्स. माफीपेक्षा मला तिथलं दुसरंच काही जास्त नवलाचं वाटलं.

१९७२ च्या सुमारापर्यंत इथले कोळी या माशांना घाबरायचे. होडीच्या फळ्या वाजवून त्यांना लांब ठेवायचे. त्या वर्षी फ्रान्सिस्को मायोराल, ज्यांना सगळे पाचिको म्हणत, आपल्या सोबत्याबरोबर मासे धरत असताना एक देवमासा होडीला येऊन चिकटला आणि जाईना. बराच वेळ गेल्यावर पाचिकोंनी हात पुढं केला. २०१३ साली ते गेले. त्यांच्या घरची माणसं अजून याच खाडीत पाहुणे नेतात. हे सगळ्यांना माहीत असलेलं. कमी सांगितलं जातं ते त्यानंतरचं. एका वेळी पाहण्याच्या भागात ठरावीक होड्याच, सोळा. हंगामात त्या भागात जाळी टाकायची नाहीत. पाठलाग नाही, दोन होड्यांनी मध्ये कोंडायचं नाही. रात्री किनाऱ्यावरून कुणी आत गेलं तर कळतं, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. ज्यांच्याकडं परवाना आहे त्यांची चूल या तीन-चार महिन्यांवर चालते. बाकीचं वर्ष कालवं, खेकडे, लॉबस्टर.

शिवाय जमीन. मेक्सिकन क्रांतीनंतर गावाला सामायिक दिलेली जमीन, तिला ‘एहिदो’ म्हणतात. १९९२ साली कायदा बदलला आणि ती विकायची मुभा मिळाली. बाहाच्या किनाऱ्यावर विकण्याचा मोह काय असतो, ते काबोकडं गेल्यावर हॉटेलांच्या रांगांत दिसतं. इथल्या एहिदोनं २००५ साली करार केला, की खाडीभोवतालच्या सुमारे १,२०,००० एकरांवर आपण मोठं बांधकाम होऊ देणार नाही. बदल्यात दरवर्षी गावाच्या छोट्या उद्योगांसाठी निधी. मी पांगेरोला विचारलं, पश्चात्ताप होतो का? भावोजी स्पॅनिश करून सांगत होते. तो म्हणाला, विकली असती तर मुलगा आज हॉटेलात खोल्या झाडत असता, आता तो होडी चालवतो. मग थांबून म्हणाला, पण हॉटेलवाल्याला दर महिन्याला पगार असतो.

आणखी एक म्हणाला तो. देवमासे हडकले आहेत. पिल्लं कमी. पूर्वी डोक्याच्या मागं गुबगुबीत असायचं, आता तिथं खड्डा दिसतो.

हे नुसतं त्याचं मत नाही. २०१६ साली पूर्व पॅसिफिकचे करडे देवमासे सुमारे २७,००० होते. २०१९ पासून मेक्सिको ते अलास्का किनाऱ्यांवर ते मरून लागायला लागले. २०२३ पर्यंत तशा ६९० नोंदी झाल्या आणि संख्या साडेचौदा हजारांच्या आसपास आली. उत्तरेत बर्फ कमी झाला की बर्फाखालचं शेवाळ कमी, ते खाली पडून ज्या चिखलातल्या जिवांना पोसतं ते जीव कमी, म्हणजे देवमाशाची शिदोरी कमी. सान इग्नासिओच्या कोळ्यानं जाळी आवरली, होड्या मोजल्या, जमीन विकली नाही. त्याच्या हातातलं त्यानं केलं. उरलेलं त्याच्या हातात नाही. जेवण आठ-दहा हजार किलोमीटर दूर आहे, आणि ते बिघडवतंय कोण, तर त्यात लिटरला जेमतेम चार किलोमीटर देणाऱ्या आमच्या गाड्यांचाही वाटा.

सांता रोसालिआला उतरलो. फ्रेंचांनी तांब्याच्या खाणीसाठी वसवलेलं गाव, लाकडी घरं, फ्रेंच पद्धतीचा पाव अजून भाजतात, आणि लोखंडी पत्र्यांचं एक चर्च, जे आयफेलचं म्हणून दाखवतात. पावासाठी रांग होती. पेट्रोल भरताना मी हा हिशेब बोलून दाखवला. जाऊबाई म्हणाल्या, “म्हणजे घरी बसायचं? आपण आलो नाही तर त्या माणसाची होडी कोण भरणार?” मला उत्तर नव्हतं. पाहुणे थांबले तर एहिदोचा करार किती वर्षं टिकेल, कोण जाणे. पाहुणे आले तर धूर.

तांडा काबोला निघाला. आम्ही मुलेहेला मागं राहायचं ठरवलं, म्होरक्याला ते आवडलं नाही. हे आणि भावोजी पावाचे तुकडे मोडत कागदावर आकडे मांडत बसले होते: लोकांनी लोरेतोला विमानानं यावं आणि पुढं एका व्हॅनमध्ये दहाजणांनी जावं, तर माणशी किती तेल लागेल. विमानाचं तेल माणशी कसं धरायचं यावर दोघांचं बिनसलं. भावोजी म्हणत होते सीट मोजायच्या, हे म्हणत होते वजन. “आणि वहिनींची लोणच्याची बरणी?” भावोजींनी विचारलं. ती वेगळी मोजायची, असं ह्यांचं म्हणणं पडलं.